थरथर हाताची की चाकाची?

कोल्हापुरातील एका एकत्र कुटुंबात 2007 साली घेतलेली एक लहान पेट्रोल मोटार अद्याप वापरात आहे. नोंदणीची 15 वर्षे पूर्ण झाली तेव्हा ती काढून टाकावी, असा विचार घरात निघाला होता. परंतु वडीलधारे अण्णा स्वतः परिवहन कार्यालयात गेले, मोटारीची तपासणी करवून घेतली, पर्यावरण कर भरला आणि पुढील 5 वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून आणले. भाजीबाजार, बँक, नातलगांकडील लग्नकार्ये, पत्नीला दवाखान्यात नेणे-आणणे ही सर्व कामे अण्णा वयाच्या बहात्तराव्या वर्षीही त्याच मोटारीने करीत असत. मोटारीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर असे, आणि ती अण्णांचीच समजली जाई.

या मोटारीला एक विकार जडला. ताशी 60 किलोमीटरच्या पुढे वेग असताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागे. वेग कमी होई तसतशी थरथर मंदावे आणि मोटार थांबली की नाहीशी होई. मोटार एका गॅरेजमध्ये दाखवण्यात आली. तेथे पाच मिनिटांत निदान झाले : "डिस्क वाकली आहे." पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क आणि ब्रेक पॅड नवे बसवले गेले. थरथर थांबली, बिल चुकते झाले आणि प्रकरण मिटले, असे सर्वांना वाटले.

सात-आठ महिन्यांनी, चार-पाच हजार किलोमीटर चालल्यानंतर, कुटुंब रत्नागिरीला एका लग्नासाठी निघाले. मोटार अण्णा चालवीत होते. शेजारी थोरला मुलगा बसला होता. आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे रस्ता थोडा सरळ झाला. वेग वाढला, तोच पुढे गुरे आडवी आली. अण्णांनी ब्रेक दाबला. मोटार वेळेवर थांबली. परंतु मुलाची नजर वडिलांच्या हातांवर गेली होती. ते हात मनगटापर्यंत थरथरत होते.

डिस्क नव्या होत्या, पॅड नवे होते. मग थरथरणारे काय उरले? मुलाने मनोमन उत्तर काढले आणि अतिशय मऊ आवाजात म्हटले, "अण्णा, आता गाडी मी चालवतो." परतल्यावर किल्ली खुंटीवरून मुलाच्या कपाटात गेली. कोणी कठोर शब्द बोलले नाही. मुलगा ती मोटार शहरातच, गर्दीतून, ताशी 30-40 किलोमीटर वेगाने चालवी. त्या वेगाला त्याला काहीच जाणवत नसे. त्यामुळे त्याचा ग्रह अधिकच दृढ झाला.

अण्णांनाही आपल्या हातांचा भरवसा वाटेनासा झाला. कंपवाताची सुरुवात तर नसेल ना, या शंकेने ते कोणाला न सांगता डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी हात पुढे धरावयास सांगितले, बोट नाकाला लावण्यास सांगितले, चहाचा कप उचलताना त्रास होतो का हे विचारले आणि शेवटी एका कोऱ्या कागदावर सही करण्यास सांगितले. सहीची रेघ कोठेही हललेली नव्हती. मग त्यांनी विचारले, "थरथर नेमकी केव्हा येते?" अण्णा म्हणाले, "ब्रेक दाबल्यावर." डॉक्टर हसले. "मग अण्णा, आधी गाडी दाखवा."

हा प्रश्न पहिल्या गॅरेजमध्ये कोणीच विचारला नव्हता. बँकेत दिवसअखेर तेरीज जुळली नाही, तर उतावळा कारकून फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून मोकळा होतो. त्या संध्याकाळपुरता हिशेब जुळतो; चूक मात्र वहीत तशीच राहते आणि पुढे व्याजासह उभी ठाकते. कारण न शोधता सुटा भाग बदलणे हे याच जातीचे काम होय.

शेवटी मोटार उद्यमनगरातील एका जुन्या मिस्त्रींकडे गेली. त्यांनी प्रथम बॉनेट उघडले नाही की चाक काढले नाही. त्यांनी अण्णांना प्रश्न विचारले. थरथर ब्रेक न दाबताही येते का? स्टिअरिंगला येते की आसनाला? ब्रेकचे पेडल पायाखाली वर-खाली होते का? गाडी थंड असताना येते की घाट उतरल्यावर? टायरचे काम अलीकडे कोठे केले? अण्णांनी आठवून उत्तरे दिली : ब्रेक दाबल्यावरच येते, स्टिअरिंगलाच येते, पेडलही किंचित धडधडते, घाटानंतर अधिक, आणि डिस्क बदलल्यानंतर महिनाभरातच टायर फिरवून घेतले होते.

त्यानंतर मिस्त्री अण्णांना शेजारी बसवून मोकळ्या महामार्गावर गेले. ताशी 80 किलोमीटर वेगाला, ब्रेकला पाय न लावता, स्टिअरिंग स्थिर होते. चाकांच्या बॅलन्सिंगमध्ये दोष असता तर तो येथेच प्रकट झाला असता. मग 70 च्या वेगाला त्यांनी ब्रेक हलकेच दाबला, स्टिअरिंग थरथरले. याचा अर्थ, दोष बहुधा पुढच्या चाकांत. मागची शंका राहू नये म्हणून त्यांनी निर्मनुष्य पट्ट्यात, ताशी 30 च्या आत, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो सावकाश ओढला. या मोटारीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो. ड्रम गोलाईत नसता तर आता आसन हादरले असते. ते हादरले नाही. ही शेवटची चाचणी मात्र अनुभवी माणसानेच करावी. हँडब्रेक झटक्याने ओढल्यास मोटार गिरकी घेते.

थरथरीमागचे यंत्रशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. पुढच्या चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरत असते, तीच डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात आणि त्यांना कवेत घेणारा कॅलिपर तेलाच्या दाबाने ते पॅड डिस्कवर आवळतो. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी असेल तर हा दाब एकसमान राहतो. ती कोठे जाड, कोठे पातळ असेल तर प्रत्येक फेऱ्यात पकड एकदा वाढते, एकदा घटते. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे पावणेदोन मीटर धरला, तर ताशी 63 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला बरोबर 10 फेरे घेते. म्हणजे पकडीचा हा चढउतार सेकंदाला किमान 10 वेळा होतो आणि तोच स्टिअरिंगमधून हातात उतरतो. जाडीतील मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांचा फरकही हाताला कळतो. माणसाचा केस याहून जाड असतो!

आता "डिस्क वाकली" या निदानाकडे पाहू. डिस्क बिडाची असते, आणि बीड काय चीज आहे हे फाउंड्रीच्या या शहरात निराळे सांगण्याची गरज नाही. ते सहजासहजी वाकत नाही. फार तर तडकते. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते, पण ती तिरकी बसलेली असते. ज्या हबवर ती बसते त्याच्या तोंडावर गंज वा माती राहिली, की नवी कोरी डिस्कही किंचित झोके खात फिरते. हबचे तोंड 12 सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याच्या एका कडेला 0.05 मिलिमीटर जाडीचा गंजाचा पापुद्रा राहिला, असे समजा. डिस्कचा व्यास 22 सेंटिमीटर असेल तर तोच दोष बाहेरच्या कडेला जवळजवळ 0.09 मिलिमीटर होतो. बहुतेक लहान मोटारींत 0.1 मिलिमीटरच्या आसपास सहनशीलतेची मर्यादा संपते.

आरंभी हे झोके जाणवतही नाहीत, कारण कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून त्यांना सांभाळून घेतो. परंतु ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला अलगद स्पर्श करून जातो. काही हजार किलोमीटरांत तो भाग झिजून पातळ होतो, किंवा त्यावर पॅडच्या मिश्रणाचा थर चढून तो जाड होतो. मग थरथर सुरू होते. सात-आठ महिने सुरळीत गेले आणि विकार परतला, याचे कारण हेच होते. पहिल्या गॅरेजने परिणाम बदलला होता; कारण हबवर तसेच बसून होते.

गॅरेजमध्ये परतल्यावर मिस्त्रींनी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. उजवे पुढचे चाक डाव्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापले होते. मोटार जॅकवर घेऊन आणि खाली घोडी लावून त्यांनी चाक वर-खाली व आडवे हलवून पाहिले. बेअरिंग, बॉल जॉइंट वा टाय रॉड एंड यांत खेळ असता तर लहानशी थरथरही मोठी होऊन हातात आली असती. तेथे खेळ नव्हता. मग चाक उतरवताना एक नट सहजी सुटला आणि दुसऱ्यावर पान्याला पाइप लावून दोघांना जोर करावा लागला. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट आवळताना कोणता किती आवळला याचे भान राहिले नव्हते. असमान आवळलेले नट डिस्कलाही असमान ताण देतात. हा दुसरा साक्षीदार.

चाक निघाल्यावर डिस्क हबवर सैल राहते, म्हणून मिस्त्रींनी ती वॉशर लावून नटांनी घट्ट धरली, बाहेरच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर आत डायल गेज टेकवले आणि चाकाचा फेरा हाताने सावकाश फिरवला. उजवीकडे काटा 0.14 मिलिमीटर हलला, डावीकडे 0.05. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली असता उजव्या डिस्कच्या जाडीत 0.03 मिलिमीटरचा फरक निघाला. डिस्क उतरवताच हबच्या तोंडावर मसुरीच्या डाळीएवढा गंजाचा खवला दिसला. मिस्त्रींनी तो नखाने दाखवून म्हटले, "अण्णा, तुमचे हात नाही थरथरत. हे थरथरतेय."

मुलगा जवळच उभा होता. तो काही बोलला नाही.

पुढचे काम अर्ध्या दिवसाचे होते. दोन्ही हबांची तोंडे तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ केली. डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवून पाहिली. उजवीकडचे माप 0.04 वर आले. जाडीतील फरक घालवण्यासाठी दोन्ही डिस्क शेजारच्या लेथवर अगदी हलक्या हाताने घेतल्या. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्या मर्यादेच्या खाली जात असेल तर ती लेथवर न घेता बदलणेच योग्य. येथे डिस्क नव्या असल्याने पुष्कळ जाडी शिल्लक होती. हे काम नेहमी जोडीने करावे. एकच बाजू केल्यास ब्रेक एका अंगाला ओढतो.

उजवे चाक का तापत होते, त्याचा उलगडा कॅलिपरमध्ये झाला. त्याची एक पिन कोरडी पडून अडकली होती आणि पॅड डिस्क पुरती सोडत नव्हता. पिना साफ करून त्यांवर उच्च तापमानाचे ग्रीस लावले. त्यातील कणभरही पॅडला वा डिस्कला लागू दिले नाही. पॅड जाड होते, त्यांचा पृष्ठभाग सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून घेतला. ब्रेकचे तेल काळवंडले होते, तेही बदलले. शेवटी चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने मोटारीच्या पुस्तिकेतील मापाइतके आवळले. सगळे मिळून बिल पहिल्या गॅरेजच्या बिलाच्या चौथ्या हिश्शालाही पोहोचले नाही.

तथापि, हिशेबाची एक नोंद अण्णांच्या नावावरही होती. मिस्त्रींनी विचारले, "घाट कोणत्या गिअरमध्ये उतरता?" अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितले, की पेट्रोल वाचावे म्हणून ते उताराला मोटार न्यूट्रल करतात आणि ब्रेकवर सांभाळत खाली आणतात. ही सवय कार्बोरेटरच्या काळातील आहे. इंधन इंजेक्शनच्या मोटारीत, गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उताराला इंजिनाचा इंधनपुरवठा बहुतांशी आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास पेट्रोल जळतच राहते. म्हणजे बचत होत नाही ती नाहीच, शिवाय मोटारीचा सारा भार ब्रेकवर येतो.

तो भार किती? हजार किलो वजनाची मोटार केवळ ब्रेकवर 100 मीटर उंची उतरली, तर उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने सुमारे 3 लिटर पाणी उकळीला येईल. आंबा घाटाची उंची याच्या कितीतरी पट आहे. अशा तापलेल्या डिस्कवर मोटार थांबवून पाय तसाच दाबून ठेवला, की पॅडचे मिश्रण त्या एकाच जागी डिस्कला चिकटते आणि तेथे उंचवटा तयार होतो. शिवाय ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषते. डॉट 3 प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा 140 अंश आहे. तेल उकळले की पेडल थेट तळाला जाते. थरथर ही सूचना असते. पेडल तळाला जाणे हा अपघात असतो.

जुनी मोटार बाळगणाऱ्या वाचकांनी यातून काही गोष्टी नित्य व्यवहारात आणाव्यात. ब्रेक दाबताना थरथर येते की न दाबताही, स्टिअरिंगला की आसनाला, थंड असताना की तापल्यावर, हे लिहून ठेवावे आणि मिस्त्रींना सांगावे. निदानाचे अर्धे काम तेथेच होते. एबीएस असलेल्या मोटारीत एकदम जोराने ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडते, तो दोष नव्हे. नवी डिस्क बसवताना हब साफ केला का आणि डायल गेज लावले का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. टायरचे काम झाल्यावर नट पान्याने, आलटूनपालटून समोरासमोर आवळून घ्यावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. ब्रेकचे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे. घाट उतरताना, चढताना जो गिअर लागला असता, तोच ठेवावा. डिस्क वा पॅडचे काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगावरून 20 पर्यंत मध्यम दाबाने वीसेक वेळा वेग उतरवावा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावा आणि या काळात मोटार पूर्ण थांबवून पाय दाबून धरू नये. थरथर वाढत असेल, ब्रेक ओढत असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर मात्र तपासणी होईपर्यंत मोटार बाहेर काढू नये.

वाढत्या वयात नजर, श्रवण आणि हातपाय तपासून घेणे हे कर्तव्यच आहे. पंचावन्न वर्षांपुढील चालकाला परवाना दर 5 वर्षांनी नूतनीकृत करावा लागतो, तो याचसाठी. अण्णांच्या मुलाने काळजी केली यात गैर काही नव्हते. डॉक्टरांकडे जाण्याआधीच निकाल लागला, एवढेच गैर झाले.

पावसाळा संपल्यावर कुटुंबाला पुन्हा रत्नागिरीला जाण्याचा प्रसंग आला. निघताना मुलाने कपाटातून किल्ली काढली आणि अण्णांच्या हातात दिली. आंबा घाट त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. ब्रेकला पाय क्वचितच लागला. साखरप्याच्या पुढे रस्ता सरळ झाला, वेग 65 वर गेला, तेव्हा मागेपुढे कोणी नाही असे पाहून अण्णांनी मुद्दामच ब्रेक दाबला. मुलगा त्यांच्या हातांकडे पाहत होता. हात स्थिर होते.

घरी परतल्यावर किल्ली खुंटीवर गेली. त्या दिवसाबद्दल बापलेकांत काही बोलणे झाले नाही. रात्री जेवताना मुलगा एवढेच म्हणाला, "अण्णा, पुढच्या वेळी टायर बदलायला जाल, तेव्हा मीही येतो. नट आपण पान्यानेच आवळून घेऊ."